डावीकडून सुरुवात : लहान मुलांना जेवायची सवय लावताना

थोरली दीड वर्षाची होती तेव्हा आमच्याकडे तिचं जेवण म्हणजे पाऊण तासाचा कार्यक्रम असायचा. ती खुर्चीत, समोर मोबाइल, मोबाइलवर रंगीत गाड्या, आणि मी वाटी-चमचा घेऊन दबा धरून बसलेली. गाडी बोगद्यात शिरली की तिचं तोंड उघडायचं, तेवढ्यात मी घास सरकवायचा. एका दुपारी बॅटरी संपली. स्क्रीन काळी झाली तशी तिने गालात घास धरूनच आधी मोबाइलकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग जीभ बाहेर काढून तो घास हातावर घेतला. वरणभात होता, त्यात गाजराचे तुकडे. ती तो निरखून बघत बसली. रोज तेच खात होती, पण तोंडात काय जातंय याचा तिला पत्ताच नव्हता.

तिची गाडी रुळावर यायला पुढे वर्ष गेलं. धाकट्याच्या वेळी ते वर्ष वाचलं. ज्यांच्या घरात पहिलंवहिलं मूल आहे, वय साधारण एक ते सहा, आणि जेवणाची वेळ आली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. पहिल्या तीन पायऱ्या सोडून थेट चौथीवर उडी मारू नका. मी मारून बघितली आहे, उपयोग होत नाही.

पायरी १ : भुकेचा अंदाज घ्या

तीन किलोंचं जन्मलेलं बाळ साधारण पाचव्या महिन्यात सहा किलोंचं होतं आणि पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोंच्या आसपास पोचतं. वर्षभरात सहा किलो! दुसऱ्या वर्षात मात्र अख्ख्या बारा महिन्यांत जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वयात "हल्ली काही म्हणता काही खात नाही" हे पालुपद सुरू होतं आणि आपण ताटली घेऊन मागे धावायला लागतो. आपण धावलो की मुलाला आयताच पकडापकडीचा खेळ मिळतो.

किती वाढायचं याचा एक ढोबळ हिशेब आहे : वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिली. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. एवढंसं पान बघून घरातल्या मोठ्यांचा जीव कळवळतो हे मला माहीत आहे. पण ही फक्त पहिली वाढ. मागितलं तर पुन्हा, त्यानंतरही मागितलं तर पुन्हा. आणि हिशेब एका जेवणाचा ठेवू नका, आठवड्याचा ठेवा. आमचा धाकटा सोमवारी दोन पोळ्या फस्त करतो आणि मंगळवारी चतकोरावर उठतो. आठवड्याअखेर सगळं बरोबर जमतं.

पोटात पुरेसं जातंय की नाही हे ताटावरून कळत नाही, वजनकाट्यावरून कळतं. माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा आलेख असतो. लसीकरणाला गेलात की त्यावर ठिपका मारून घ्या. अंगणवाडीतही वजन करतात. रेघ आपल्या वाटेने वर चालली असेल तर शेजारचा गोलमटोल बबडू किती खातो, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

रेघ आडवी झाली, खाली वळली, मूल फिकट दिसायला लागलं, माती-खडू खायला लागलं, गिळताना ठसका लागतो, पातळ पदार्थ सोडून दुसरं काही तोंडात घेतच नाही किंवा खाण्याचे पदार्थ कमी कमी होत चार-पाचांवर आलेत, तर पुढची एकही पायरी न चढता बालरोगतज्ज्ञांकडे जा. हे सवयीचं प्रकरण नसू शकतं.

पायरी २ : कामं वाटून घ्या

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात एक साधी वाटणी सांगितली आणि ती आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय वाढायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने.

वाचायला सोपं, वागायला महाकठीण. कारण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मुलाला विचारतो ("पिल्लू, काय देऊ? मॅगी देऊ?") आणि किती खायचं ते आपण ठरवतो ("एवढी वाटी संपवायचीच"). दोन्ही माणसं एकमेकांच्या खुर्चीत बसलेली.

या वाटणीतला काटा म्हणजे आपली 'पानात टाकायचं नाही' ही शिकवण. ती चांगलीच आहे, मी त्याच शिकवणीत वाढले. पण दुसऱ्याने वाढून ठेवलेलं, आपल्या भुकेशी न जुळणारं पान संपवायला लावलं, तर मूल एकच गोष्ट शिकतं : पोट काय म्हणतं तिकडे लक्ष द्यायचं नाही. मोठेपणी डाएटिशियनला पैसे देऊन पुन्हा तेच शिकावं लागतं. त्यावर उपाय घरातच आहे. कमी वाढा, पुन्हा विचारा. तीन वर्षांपुढच्या मुलाच्या हातात डाव द्या आणि त्याला स्वतःला वाढून घेऊ दे. "तू घेतलंस ना, मग तेवढं संपव" हे वाक्य तेव्हाच शोभतं. "मी वाढलंय ना, संपव" हे कधीच शोभत नाही.

आणि मुलाने "नको" म्हटलं तर? तर ताट उचला. चेहरा पाडायचा नाही, उसासा टाकायचा नाही, दुसरं काही करून द्यायचं नाही. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी आहे हे फक्त सांगायचं. निरोगी मूल एका जेवणाने वाळत नाही. पहिले चार-पाच दिवस आई मात्र वाळते.

पायरी ३ : वेळा बांधा, दुधाला लगाम घाला

भूक लागल्याशिवाय कुणीच दोडका खात नाही, मीही नाही. भूक लागायला पोट मधूनमधून रिकामं व्हावं लागतं. लहान मुलांना तीन जेवणं आणि मधली दोन खाणी पुरतात. आमच्या घरचं वेळापत्रक असं आहे : सकाळी आठला नाश्ता, साडेदहाला फळ, साडेबाराला जेवण, झोप झाल्यावर चारला काहीतरी, सातला रात्रीचं जेवण. तुमच्या वेळा वेगळ्या असतील. नियम एकच, की मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. एक बिस्कीट नाही, मूठभर कुरमुरे नाहीत, रिक्षात कटकट करतोय म्हणून चिप्स नाहीत. एक बिस्कीट म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्या मुठीएवढ्या पोटात ते चांगली जागा अडवतं.

सगळ्यात मोठी जागा अडवतं दूध. "जेवत नाही, पण दूध तरी पितो" हे मी इतक्या घरांत ऐकलंय! अहो, दूध पितो म्हणूनच जेवत नाही. एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरे, त्यात दहीही धरायचं. मोठ्या बाटलीने दिवसातून चार वेळा दूध पिणारं मूल लिटरभर दूध पितं. त्याचं पोट भरतं, पण दुधात लोह जवळजवळ नसतं. वरून दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहाच्या वाटेत येतं. अशी मुलं गुटगुटीत आणि फिकट दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षांच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रात हा आकडा सुमारे ६९ टक्के होता. कारणं अनेक आहेत, सगळं खापर दुधावर फोडायचं नाही. पण आपल्या हातात असलेलं एक कारण ते आहे. तेव्हा बाटली वर्षाच्या आसपास बंद करून पेला हातात द्या. दूध जेवणासोबत नको, मधल्या खाण्याच्या वेळेला द्या.

लोहासाठी मोड आलेल्या मटकी-चवळीची उसळ, पालेभाज्या, अळीव, आणि घरात चालत असेल तर मटण, मासळी. वर लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोह जास्त शोषलं जातं. वरणभातावर आणि पोह्यांवर लिंबाची फोड ठेवणाऱ्या आपल्या पणज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण जिभेने बरोबर निवड केली होती. चहा मात्र उलट काम करतो, त्यातली टॅनिन लोहाला अडवतात. "बशीत घोटभर" हा लाड लहान मुलांच्या बाबतीत पूर्ण बंद. लोहाचं औषध आणि सहा-सहा महिन्यांनी जंताची गोळी आशाताई किंवा अंगणवाडीतून मिळते. ती चुकवू नका.

मूल दूध पितच नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. नाचणीची धिरडी करा, आंबील करा, दही-ताक आहेच. दुधाच्या पेल्यामागे गल्लीभर पळायची गरज नाही.

पायरी ४ : डावी बाजू

आता खरी गंमत. मला इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साधारण दोन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटते. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालत सुटलं तर एखादा विषारी पालाही पोटात जाईल, त्यापासून निसर्गाने केलेला हा बंदोबस्त असावा, असं अभ्यासक मानतात. हिरवं, कडसर, बुळबुळीत असलं की मूल संशयाने बघतं. हा हट्ट नसतो. ओळख झाली की भीती जाते, पण ओळख व्हायला आठ-दहा भेटी लागतात, कधी पंधरा. आपण तिसऱ्या भेटीतच "याला दोडका आवडत नाही" असं जाहीर करून मोकळे होतो. तेही त्याच्यासमोर. मग त्याचीही जबाबदारी होते ना, आवडून न घ्यायची!

दोडक्यावरूनच आमच्याकडे वर्षभर महाभारत चाललं होतं. थोरलीच्या पानात उजव्या बाजूला भाजीचा ढीग पडला की ती पान सरकवून द्यायची. एकदा सणाच्या दिवशी सगळ्यांना रीतसर पानं वाढली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. तिचंही पान तसंच वाढलं आणि डाव्या बाजूला दोडक्याच्या शिरांची चटणी बोटभर ठेवली. ती चटणी तिने बोटाने टिपून चाखली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपल्या ताटाची रचनाच या कामासाठी चोख आहे. डावी बाजू म्हणजे चिमूटभर पदार्थांची जागा. तिथे काही उरलं तर कुणी बोलत नाही. तिथलं खाऊन पोट भरायचं नसतं, जिभेला चव दाखवायची असते. नवी भाजी तिथेच ठेवायची.

ते असं करा. रोजच्या पानात मुलाला नक्की आवडणारा एक पदार्थ असू द्या, मग तो नुसता वरणभात-तूप का असेना. म्हणजे उपाशी राहायची भीती ना त्याला, ना तुम्हाला. उजवीकडे त्याला चालणारी भाजी किंवा उसळ. आणि डावीकडे, लिंबाच्या फोडीशेजारी, नव्या पदार्थाचा वाटाण्याएवढा तुकडा. त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "खाऊन तर बघ", "एकच घास", "बघ ताई कशी खाते" यातलं काहीही नाही. त्याने उचलून बाजूला ठेवला तरी ती भेट मोजायची. हुंगला, चुरगळला, चाटून थुंकला तरी मोजायची. आमच्या फ्रिजवर एक कागद असतो. पदार्थाचं नाव आणि समोर रेघा, किराणा दुकानदार मारतो तशा. कागद मुलांसाठी नाही, माझ्यासाठी आहे. पाचव्या दिवशी माझा धीर सुटतो तेव्हा रेघा मोजते आणि गप्प बसते.

चटणी आणि कोशिंबीर हे या खेळातले हुकमी पत्ते. शिरांची चटणी अशी : दोडक्याच्या शिरा सोलून बारीक चिरायच्या, लोखंडी तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ आणि सुकं खोबरं घालून खमंग वास सुटला की मीठ घालून कुटायचं. मुलांसाठी काढून घेतल्यावर उरलेल्यात लसूण-मिरची. दोडका इथे ओळखूच येत नाही म्हणाल तर खरं आहे, पण मी तो लपवत नाही. चटणी करताना शिरा थोरलीच सोलून देते. कशाची चटणी आहे ते तिला पक्कं ठाऊक असतं. पराठ्यात पालक लपवून "फसवला" म्हणून टाळी द्यायला माझी हरकत नाही, पोटात पालक जातोच. फक्त त्याने पालकाची ओळख होत नाही, आणि एखाद्या दिवशी हिरवा ठिपका सापडला तर पराठाही हातचा जातो.

चटणीनंतर दोडका-मूगडाळ पातळसर भाजी डावीकडे आली. मग एके दिवशी तिने ती भातात कालवली. कागदावर १३ रेघा होत्या.

पायरी ५ : हाताने खाऊ द्या

भरवलेल्या घासाची चव मुलाला अर्धीच कळते. हाताला भात किती गरम, किती चिकट हे कळलं की जिभेला आधीच वर्दी जाते. वर्षाच्या पुढच्या मुलाला हाताने खाऊ द्या. खाली जुनी चादर अंथरा, अंगात जुना टी-शर्ट घाला, आणि अर्धा तास जमिनीकडे बघू नका. इडली, धिरड्याचे तुकडे, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, पोळीचा लाडू हे सुरुवातीला बरं. अर्ध्या तासात पान उचलायचं, त्यापुढे जेवण नसतं, खेळ असतो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नका. दिवाळीच्या चिवड्यातले दाणे आणि संक्रांतीची दाण्याची चिक्की यांत येतात. दाणा श्वासनलिकेत गेला तर जीवावर बेततं. शेंगदाण्याचं कूट बिनधास्त घाला, द्राक्षं उभी चिरून द्या. मूल बसलेलंच हवं, पळता पळता खाणं नको, आणि खाताना मोठं माणूस जवळ हवं. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, उष्टावणाच्या दिवशीसुद्धा. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

पायरी ६ : लालूच नको, धाक नको

"भाजी संपव, मग चॉकलेट देते." या एका वाक्यात आपण दोन गोष्टी शिकवतो : भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस. लाच देऊन खाऊ घातलेला पदार्थ मुलांना पुढे कमी आवडायला लागतो, हे मुलांच्या खाण्यावरच्या प्रयोगांतही दिसलंय.

मग गोडाचं काय करायचं? पुन्हा आपलं ताटच बघा. आपल्याकडे श्रीखंड शेवटी येत नाही, पानातच वाढतात. पुरीशी खा, मधेच चाटा, आधी संपवा. घरात गोड असेल त्या दिवशी मुलाच्या पानातही एक छोटी वाढ पहिल्यापासून ठेवा. त्याने ती आधी खाल्ली तर खाऊ दे, दुसरी मिळणार नाही एवढं ठाम. पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं गोड खाऊन उठेल. नंतर गोडाचं अप्रूप ओसरतं. दोन वर्षांच्या आत मात्र वरून साखर नकोच. आणि गूळ म्हणजे साखरच, रंग तपकिरी म्हणून फसू नका.

चिऊ-काऊच्या घासांचं काय, असं मला एका आजींनी विचारलं होतं. चिऊचा घास, काऊचा घास मलाही प्रिय आहेत. मूल जेवणात रमलंय, गच्चीत खरंच कावळा आलाय, चार घास गोष्टीत गेले, यात आनंदच आहे. पण मूल मान फिरवत असताना चिऊच्या नावाने घास कोंबायचा आणि मोबाइल दाखवून कोंबायचा, यात फरक फार नाही. बुवाचा आणि डॉक्टरच्या सुईचा धाक तर घरातून हद्दपारच करा. पुढे सुई टोचायची वेळ येते तेव्हा ते महागात पडतं.

मोबाइलविषयी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलेलं असं : दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवणाच्या वेळी तर कुठल्याच वयात नको. सोडवायचा असेल तर एकदम सोडवा. आमच्याकडे तीन दिवस आकांत झाला, चौथ्या दिवशी थोरलीने नुसता दहीभात खाल्ला, आणि आठवड्याने ती विसरली. तिच्या बाबांना विसरायला जास्त दिवस लागले. तेही जेवताना फोन बघायचे ना.

घरातली बाकीची माणसं

खरी परीक्षा मुलाची नसते, आजीची असते. मी धाकट्याचं पान उचलताना सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, दोन घास खाल्लेत त्याने. दोन!"

"आई, चारला परत खाईल तो."

"आम्ही नाही का वाढवली पोरं? भरवून भरवूनच वाढवली."

वाद घालून उपयोग नव्हता, त्या चूकही नव्हत्या. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, तिला मुलाने ताट सरकवणं सहन होत नाही. मी त्यांना एक काम दिलं : चारचं खाणं पूर्ण तुमच्याकडे. काय करायचं ते तुम्ही ठरवा, वेळ मात्र चारचीच. त्यांनी थालीपीठ, घावन, गुरगुट्या भात आणि मेतकूट, राजगिऱ्याचा लाडू असा आठवड्याचा बेत आखला. दुपारी कमी जेवलेला धाकटा चारला आजीच्या हातचं थालीपीठ चट्टामट्टा करायला लागला, आणि तक्रार बंद झाली. आजीला मागे धावायचं नव्हतंच, नातवाने आपल्या हातचं खावं एवढंच हवं होतं.

मूल आपल्या सांगण्यापेक्षा आपल्याकडे बघून जास्त खातं. दिवसातून एक वेळ तरी सगळ्यांनी एकत्र बसा आणि सगळ्यांच्या पानात एकच स्वयंपाक असू द्या. बाबांच्या पानात कारलं नाही आणि मुलाने मात्र खायचं, हा न्याय कुठला?

डबा

शाळा सुरू झाली की तुमचं अर्धं राज्य जातं. डब्याला वेळ असते जेमतेम १५-२० मिनिटं, आणि बाजूला मित्राच्या डब्यात क्रीमची बिस्किटं. डब्यात नवे प्रयोग करू नका, तिथे ओळखीचंच द्या. नवं घरी, डावीकडे. गार झाल्यावरही खाता येतील असे पदार्थ हवेत : फोडणीची पोळी, मुगाचं धिरडं, दही-भात, चटणी लावलेलं इडलीचं सँडविच, उकडलेलं अंडं. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतंय ना, हे घरी करून बघा. आमच्या धाकट्याचा डबा पहिला आठवडाभर भरलेलाच परत येत होता आणि मी मेनू बदलत राहिले होते. झाकण घट्ट होतं.

पाकिटं घ्यायचीच तर मागची बाजू वाचा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनांत साखर किंवा पाम तेल दिसलं की समोरच्या बाजूला छापलेली गव्हाची ओंबी विसरून जा. दुधात घालायच्या पावडरींबद्दल एवढंच सांगते की एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. आणि जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालकसभेत तो विचारायला काहीच हरकत नाही.

वाढदिवसाला केक, जत्रेत कुल्फी, मामाकडे वडापाव, हे सगळं खाऊ द्या. घरातले बाकीचे दिवस नीट चालले असतील तर तेवढ्याने काही बिघडत नाही, आणि तिथे आई डोळे वटारून उभी राहिली तर मूल लपून खायला शिकतं.

डबा अर्धा परत आला तर दारातच "हे काय?" करू नका. उघडून बघा काय उरलंय आणि डबा घासायला टाका. सध्या आमच्याकडे काकडीचं प्रकरण चालू आहे. धाकट्याची घरी चार दिवस तिच्याशी डावीकडे भेट झाली, चाटून झालं, म्हणून मी माझाच नियम मोडून दोन चकत्या डब्यात टाकल्या. परवा त्या तशाच परत आल्या. काल पोळी संपलेली होती, एक चकती अख्खी होती आणि दुसरीच्या कडेला इवल्याशा दातांचा एक चावा. मी फ्रिजवरच्या कागदावर काकडीपुढे सहावी रेघ ओढली.